मधला दगड

"मग यात माझी चूक कुठे?"

हेरंबने पुन्हा तेच विचारलं. आवाज आधीपेक्षा चढला होता.

आंधळे सुलेमानबाबा नदीकाठी खडकावर बसले होते. पलीकडच्या झोपडीत परतायची त्यांची वेळ झाली होती.

हेरंब मोबाइल कंपनीतला मोठा इंजिनियर. गाडी पुढे गेली की चालू फोन एका टॉवरने दुसऱ्याच्या हवाली करायचा असतो. तो कधी आणि कुणाच्या, हे फोनच्या जागेवरून ठरवायची पद्धत त्यानेच बसवली होती. तिचा त्याला भारी ताठा.

पण या गावच्या शेवंताचा फोन घाटात मध्येच तुटला. धावत्या जीपमध्ये तिच्या नवऱ्याचा श्वास थांबला होता, आणि छाती कशी दाबायची ते डॉक्टर फोनवर सांगत होते. ती बिचारी "हॅलो, हॅलो" करत राहिली. नवरा गेला.

तेव्हापासून ती फोन तोडणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती, आणि गाव टॉवरच्या माणसांना घाटात पाऊल ठेवू देत नव्हतं. गाव ऐकायचं ते फक्त बाबांचं. म्हणून साहेब इथवर आले, नाहीतर फकिराच्या दारी कशाला फिरकतात!

"बाबा, तिची जीप कुठल्या वळणावर होती ते मला बरोबर ठाऊक होतं. पुढचा टॉवर समोरच होता. फोन त्याच्याकडे सोपवला."

"त्याने घेतला?"

"तो इतरांच्या फोनांनी भरलेला होता. जत्रेची गर्दी. त्याला मी काय करू? तुम्ही तिला एवढं समजावून सांगा."

बाबा उठून उभे राहिले.

"निघालात कुठे? माणूस माझ्यामुळे मेला असं वाटतं तुम्हाला?"

बाबांनी हात पुढे केला.

"मला मधल्या दगडापर्यंत ने. तिथे रज्जाक येतो. माझा हात त्याच्याकडे दे."

रज्जाक हा बाबांचा शिष्य, पलीकडे राहणारा आडदांड गडी. हेरंब चरफडला, पण अडला होता. बाबांचा हात धरून तो पाण्यातल्या दगडांवरून निघाला. तोंडाचा पट्टा चालूच होता. गाव, कंपनी, ती बाई... कुणी सुटलं नाही.

मधला दगड आला. पुढच्याच दगडावर रज्जाक उभा होता, जिथे असायला हवा नेमका तिथे. हेरंबने हात सोडला.

रज्जाकच्या दोन्ही हातांत लाकडांचा भारा होता.

बाबांचा तोल गेला. ते पाण्यात आपटले. रज्जाकने भारा फेकून उडी मारली आणि त्यांना उभं केलं. म्हातारा नखशिखान्त भिजला होता, कपाळाला खोक पडली होती.

"माझ्या हातात भारा होता, दिसला नाही तुम्हाला?" रज्जाक ओरडला.

हेरंबचं डोकं भडकलं. मनातून शरमला होता, म्हणून जास्तच भडकलं.

"माझ्यावर ओरडू नकोस! तू ठरल्या जागी उभा होतास. मी बरोबर जागी सोडलं. तुझे हात भरलेले, त्याला मी काय..."

तो थांबला.

बाबांनी ओल्या बाहीने कपाळावरचं रक्त पुसलं. त्यांचा आवाज संतापाने कापत होता.

"थांबलास का? चल, शेवंताच्या दारापर्यंत मी येतो. हेच तिला सांग. असंच, ओरडून."