आधी आईची पापणी

मेंढेवाडीच्या बिरोबासमोर एक बुटका दगडी कट्टा आहे. कळपासाठी मेंढा निवडायचा दिवस आला की त्यावर मेंढा चढत नाही, त्याची आई चढते. पाहुण्यांना हसू येतं. मग म्हातारा पुजारी त्यांना सावलीत बसवून सांगतो ते असं.

फार मागं इथं धुळा नावाचा धनगर होता. त्यानं सरदार नावाचा मेंढा आणला. दोन वेढ्यांची शिंगं, टकरीत कधी हार नाही. धुळ्याला त्याचं इतकं कौतुक, की पुढची दोन वर्षं कळपाला दुसरा मेंढा लावलाच नाही. पोरापेक्षा मेंढा लाडका, असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

एका वर्षी पाऊस हटेना. ओल्या गवतातून जंत पोटात गेले. मेंढ्यांच्या हनुवटीखाली पाणी उतरलं, पापण्या आतून पांढऱ्याफटक पडल्या. दोनशेंचा कळप दिवाळीपर्यंत साठावर आला. सरदारची कोकरं सगळ्यांत आधी गेली. धुळा नवस बोलला, रोग थांबव, तुला मेंढा सोडीन. देवाला सोडलेला मेंढा पुन्हा कळपात येत नाही. आणि सोडायला निवडला कोणता, तर तीन वर्षांचा खुजा, बिनशिंगाचा. देवाला द्यायचं ते उरलंसुरलं, अशी माणसाची रीतच आहे. त्याला भंडारा लावूनही झाला.

धुळ्याची आई जकाक्का रोज सकाळी एकेका मेंढीची पापणी ओढून बघायची. तिच्या ध्यानात आलं, म्हणे, की रोगातून तगलेल्या, लाल पापणीच्या सगळ्या एकाच म्हाताऱ्या मेंढीच्या लेकी-नाती. आणि तो खुजाही तिचाच.

"धुळा, देवाला तू मेंढा बोललास," ती म्हणाली. "नकोसा झालेला देईन, असं नव्हतास बोलला. लाडका द्यायचा असतोय. आन् ह्यो गेला, तर आपल्या वाड्यावर राखणीला कुत्रं राहील, राखायला काय नसंल."

धुळा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सरदारच्या कपाळी भंडारा लावला, गळ्यात हात टाकून रडला आणि त्याला देवराईत सोडलं. खुज्याचा भंडारा मात्र पुसला नाही. देवाचा आशीर्वाद समजून राहू दिला आणि त्यालाच कळपाला लावलं.

पुढल्या पावसाळ्यातही झड लागली. धुळ्यानं खुज्याच्या पहिल्या कोकराची पापणी ओढली. लाल. दुसऱ्याची लाल. दहाव्या कोकराशी तो चिखलातच बसला आणि हसत सुटला. आईला हाक मारायचंही त्याला सुचेना. असं सांगतात, की सरदारही देवराईत चरून लठ्ठ झाला आणि पुरा म्हातारा होऊन गेला.

आजही वाडीतली सगळ्यांत वयस्क बाई कट्ट्यावरच्या मेंढीची पापणी ओढते. ती "लाल हाय" म्हणेपर्यंत कुणी बोलत नाही. म्हणाली, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग ज्याच्या मेंढ्याची शिंगं सगळ्यांत देखणी, त्यानंच त्या मेंढीच्या पायांवर पहिलं डोकं टेकवायचं.