चेहरे ओळखणारा कमांडर

जन्मात मी कुठल्या साहेबापुढे दबलो नाही. म्हणजे, त्या दुपारी पाण्याच्या पिंपामागे उकिडवा बसलो होतो, तेवढं सोडून.

लढाईच्या मुलखात एका शाळेत आमचं मदतपथक होतं. मी आचारी. भात करपवायचो आणि जखमींना सांगायचो, "औषध घातलंय, गिळा!" पथकाच्या प्रमुख मालनताई. त्या शस्त्राला शिवत नसत. जखमी आला की दारातच त्याचा गणवेश कात्रीने कापायच्या आणि माझ्या चुलीत टाकायला लावायच्या. पुढे तो कुणाच्या बाजूचा, हे कुणी विचारायचं नाही.

त्या दुपारी कमांडर पिस्तूल घेऊन आत घुसला.

"शत्रूची माणसं वेगळी काढ, बाई. गोळ्या घालायच्यात."

"कपडे जाळलेत, साहेब. आता नुसते जखमी उरलेत."

"माझी माणसं मी चेहऱ्यावरून ओळखतो!" असं गरजून त्याने कोपऱ्यातल्या एकावर पिस्तूल रोखलं. "हा त्यांचा!"

तो कण्हत म्हणाला, "साहेब, दोन वर्षं तुमची जीप चालवतोय."

मला हसू फुटलं, ते मी फडक्यात कोंबलं. पिस्तूल हळूहळू खाली आलं.

मालनताई हसल्या नाहीत. त्यांनी मागच्या अंगणाचं दार उघडलं. सकाळपासून गेलेले अकरा जण तिथे ओळीने निजवले होते. चादरी संपल्या म्हणून शेवटच्या दोघांवर माझी तांदळाची रिकामी पोती होती.

"चेहरे ओळखता ना, साहेब? मग या. यांची नावं तेवढी सांगा, घरी कळवायचंय."