बिनजोडीचा हत्ती

एकदा एक तरुण शिष्य भल्या सकाळी आपल्या गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पत्त्यांची लाकडी डबी होती आणि डोळे सुजलेले होते. गुरू वृद्ध चितारी. लाखेचे गोल पत्ते रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळे त्यांना आबा म्हणत. या तरुणाचा थोरला भाऊही त्यांचाच शिष्य. तो नुकताच गेला होता. साधा ताप आला होता. सकाळी हसून बोलत होता, संध्याकाळी नव्हता.

डबीतले पत्ते त्या थोरल्यानेच घरच्यांसाठी रंगवले होते. वाघ, मोर, खार, सांबर, हत्ती... प्रत्येक प्राण्याची एक जोडी. खेळ सोपा. शेजारच्याच्या हातातले पान न बघता ओढायचे, जोडी जमली की खाली टाकायची. शेवटी ज्याच्या हाती बिनजोडीचे पान उरेल, त्याने त्या प्राण्याचा आवाज काढायचा. थोरल्यावर हत्तीची पाळी आली की तो असा चीत्कार करी, की गल्लीतली कुत्री भुंकू लागत.

"आबा, यात एक हत्ती कमी आहे," शिष्य म्हणाला.

"कुठे गेला?"

"मी चितेवर ठेवला. दादाच्या छातीवर. का ठेवला ते मला नाही ठाऊक. हात पुढे गेला आणि ठेवला." त्याने डबी पुढे सरकवली. "तेव्हापासून डबी कोणी उघडत नाही. आई तर बोलतच नाही. जेवायला पानावर बसते नि न जेवता तशीच उठते. तुम्ही दुसरा हत्ती काढून द्या. अगदी दादाच्यासारखा. डाव पुरा झाला की घर पहिल्यासारखं होईल."

"होईल?"

"झालंच पाहिजे!"

आबांनी रंगांचा पाटा पुढे सरकवला. मग म्हणाले, "बस. रंग वाट."

शिष्याने रंग वाटले, चिंचोक्यांची खळ शिजवली, कापडावर कापड चिकटवून पान कडक केले. आबा रंगवत राहिले. काही दिवसांनी वरचे लाखेचे रोगण वाळले आणि हत्ती तयार झाला. तीच किंचित उचललेली सोंड, तोच मिश्कील डोळा, तीच उगाच आखूड राहिलेली शेपूट. शिष्याने दोन्ही हत्ती शेजारी ठेवले आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा तो हसला.

"आबा, दादाचा कोणता तेच कळत नाही!"

"कळत नाही?" आबांनी दोन्ही पाने उचलली, एकवार पाहिली आणि त्यांतले एक शेजारच्या पेटत्या शेगडीत टाकून दिले.

लाखेने भपकन पेट घेतला. शिष्याने शेगडीत हात घातलाच होता, पण आबांनी त्याचे मनगट धरले. म्हाताऱ्याच्या मुठीत एवढे बळ असेल, असे त्याला वाटले नव्हते. त्याच्या डोळ्यांदेखत सोंड वाकडी झाली, काळी झाली आणि गेली. पुन्हा एकदा. तशीच.

"कोणता जाळलात?" तो ओरडला. "आबा, कोणता जाळलात? माणूस आहात की कोण आहात तुम्ही!"

"उरलाय तो बघ."

"नाही बघत! तो तुमचा असला तर?"

"उजेडात धर."

त्याने ते पान कसेबसे उचलले. पान तिरके होताच त्याला दिसले. हत्तीच्या पायाशी, रोगणात, अंगठ्याचा ठसा उमटला होता. दादाला कधी धीर नसे. रोगण वाळायच्या आत पान उचलून बघायचा, आणि आबा खेकसायचे, "ओल्याला हात लावू नकोस रे गाढवा!"

"हत्ती मी काढू शकलो," आबा म्हणाले. "त्याच्या हाताला वळण मीच लावलं होतं. तो अंगठा मी कुठून आणू?"

शिष्याने पान खाली ठेवले. "मग काढलात कशाला?"

"नुसतं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? आता सांग. खेळायला बसताना तुम्ही सर्वांत आधी काय करता?"

"पत्ते पिसतो."

"त्याच्याही आधी."

"एक पान न बघता काढून ठेवतो."

"का?"

"नाहीतर सगळ्या जोड्या जमतील. कोणाच्या हातात काही उरणारच ना..." तो बोलता बोलता थांबला.

आबांनी शेगडीवर राख ओढली. "पुरा डाव तुम्ही कधी खेळलातच नाहीत, बाळा. एक पान नेहमीच नसायचं. आणि त्याची जोडी कोणा एकाने कवटाळून ठेवायची, असा नियम नव्हता. ती हातोहात फिरायची. घडीभर तुझ्याकडे, घडीभर आईकडे. तू डबी बंद केलीस, तेव्हा ते पान तुझ्या एकट्याच्या मुठीत राहिलं. तिकडे तुझ्या आईलाही वाटतं, की ते तिच्या एकटीच्या मुठीत आहे." ते काठी घेऊन उठले. "चल. मलाही पानं वाटा. तो माझाही होता."

त्या दुपारी डबी उघडली. आई, धाकटी बहीण, आबा आणि तो. या वेळी आधी पान काढून ठेवावे लागले नाही. पाने ओढली जात होती, जोड्या पडत होत्या. हत्ती बहिणीकडे गेला तेव्हा तिचा चेहराच पडला. "अगं, असं तोंड करू नये, सगळ्यांना कळतं!" आबा म्हणाले. तिथून तो त्यांच्याकडे आला. त्यांनी ठशावर हलकेच बोट फिरवले. मग तो आईकडे गेला.

शेवटी आईच्या हातात दोन पाने उरली, मुलाच्या हातात एक. ओढायची पाळी त्याची. आईने एक पान दुसऱ्यापेक्षा किंचित वर धरले. ही दादाची लबाडी. नको असलेले पान असे वर धरले की समोरचा नेमके तेच ओढतो.

मुलाला ते कळले. त्याने तेच ओढले.

आईने त्याच्या हातातले दुसरे पान घेतले, आपली जोडी खाली टाकली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तो हत्ती झाला होता. त्याने नाकापुढे हात धरला आणि चीत्कार केला. आवाज अर्ध्यातच फाटला.

"त्याच्यासारखा नाही जमला," आई म्हणाली. "पुन्हा कर."