अठ्ठावीस कललेल्या रेघा

"मग मी काय करायला हवं होतं, सर? वह्या फाडायच्या नाहीत, तर काय देव्हाऱ्यात ठेवायच्या?"

गुरनुले सर पायरीवर बसून सुपातले तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आधी बस."

शलाका बोरकुटे बसली नाही.

वामन गुरनुले यांनी तालुक्याच्या शाळेत चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. शलाका त्यांची विद्यार्थिनी. पुढे तिला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं, नागपुरात चांगली नोकरी मिळाली. ती सोडून गेल्या वर्षी ती जंगलाकडच्या एका आडगावात, मुलींच्या निवासी शाळेत शिकवायला आली. आपण काय सोडून आलो हे ती विसरत नसे. इतरांनाही विसरू देत नसे.

"झालं काय, ते नीट सांग."

"नववीला चुंबकसूचीचा प्रयोग दिला. साधा प्रयोग, सर! बाकावर कागद ठेवायचा, त्याची कड मी स्वतः भिंतीला धरून उत्तर-दक्षिण लावून दिली होती. मध्ये सुई ठेवायची. ती थांबली की रेघ काढायची आणि कडेशी किती कोन होतो तो मोजायचा. रेघ कडेला समांतर यायला हवी. फार तर अंशभर इकडेतिकडे."

"आणि?"

"अठ्ठावीस मुली, अठ्ठावीस रेघा. सगळ्या उजवीकडे कललेल्या! एकीनं घोळ केला, बाकीच्यांनी उतरवून घेतला. भरवर्गात, माझ्या डोळ्यांदेखत चोरी!"

"ती एक कोण?"

"सगुणा कोटनाके. भिंतीकडच्या पहिल्या रांगेत बसते. तिची रेघ सगळ्यांत जास्त कललेली. मी विचारलं, कुणाचं बघून काढलंस? तर म्हणते, 'सुईचं बघून, मॅडम.' वर तोंड करून!"

सरांनी आणखी एक खडा वेचला.

"सगळ्यांकडून माफीनामा मागितला. 'मी चोरी केली' असं लिहून द्या म्हटलं. सत्तावीस जणींनी दिलं. हिनं नाही दिलं. म्हणाली, 'जसं दिसलं तसं काढलं, माफी कशाची लिहू?' मी वडिलांना बोलावून घेतलं."

"आले?"

"आले. मोह वेचायचे दिवस सोडून बावीस किलोमीटर चालत आले. वर्गाच्या दारातच त्यांनी माझे पाय धरले."

सुपातला हात थांबला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लेकराचं चुकलं असंल, माफी करा."

"काय चुकलं, ते विचारलं त्यांनी?"

"नाही."

"तू सांगितलंस?"

"…त्यांना काय कळणार होतं, सर?"

अंगणातली कोंबडी पायरीपर्यंत आली आणि परत गेली.

"मुलगी कुठे आहे?"

"वडील घेऊन गेले. माफीनामा आणशील तेव्हाच वर्गात ये, असं मी सांगितलंय. मुख्याध्यापिका बाई कच खातात, म्हणून तुमच्याकडे आले. त्या तुमचा शब्द मानतात. माझं बरोबर आहे एवढं लिहून द्या."

"कोन किती किती आले होते?"

"म्हणजे?"

"अठ्ठावीस आकडे असतील ना. किती होते?"

"रेघच चुकीची म्हटल्यावर आकडे कशाला बघू?"

"फाडलेली पानं आहेत?"

होती. पुरावा म्हणून तिनं पिशवीत आणली होती. सरांनी सूप बाजूला ठेवलं, ओसरी स्वतःच्या हातानं झाडली आणि म्हणाले, "वर्गात जी जिथे बसते, तिथे तिचं पान ठेव. ही भिंत समज."

शलाकानं रागारागानं पानं मांडली. सात रांगा, रांगेत चार. काही पानांचे दोन दोन तुकडे झाले होते, ते जुळवावे लागले.

"आता भिंतीकडून वाच."

"सगुणाची रांग. चोवीस, सव्वीस, तेवीस, चोवीस." ती घाईघाईनं वाचत होती. "दुसरी रांग. सतरा, अठरा, सतरा, सोळा. तिसरी… अकरा, बारा, अकरा, दहा." तिचा आवाज जरा खाली आला. "चौथी. सात, आठ, सात, सहा… पाचवीत चार-चार… सहावीत तीन-तीन…"

सातवी रांग तिनं मनातच वाचली.

"चोरीचा माल," सर म्हणाले, "वाटेत असा मापानं कमी होतो का?"

ती पानांकडे बघत राहिली.

"भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"काही नाही. मोकळी जागा आहे."

"बघितलीस?"

"रोज तिथूनच तर जाते, सर!"

सरांनी खुंटीवरची टोपी घेतली.

अकराच्या एसटीनं दोघं शाळेत पोचले. सगुणाच्या रांगेकडच्या भिंतीला बाहेरून लागून नव्या वसतिगृहासाठी आणलेल्या लोखंडी सळया रचल्या होत्या. छातीएवढा ढीग. दिवाळीपासून तिथेच पडून होता. त्याच्यावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

सर वर्गात गेले आणि सगुणाच्या बाकावर त्यांनी सुई ठेवली. ती थरथरली, उजवीकडे वळली, थांबली.

तीच सुई त्यांनी दूर मैदानाच्या मध्यावर नेऊन ठेवली. सुई नीट उत्तरेला थांबली.

शलाकाचा चेहरा लाल झाला.

"कुणी ठेवल्या इथे सळया? शाळा आहे की भंगाराचं दुकान? प्रयोगाच्या वर्गाला खेटून लोखंड! कंत्राटदाराला अक्कल नाही आणि बाईंचं लक्ष नाही. मी आजच्या आज तक्रार करते!"

"कर."

"वरपर्यंत जाईन, सर!"

"जा. आधी मुलींवर रागावलीस, आता कंत्राटदारावर. मधली एक राहून गेली."

"कोण?"

सर सुईची डबी बंद करत होते. ती त्यांनी तिच्या हातात ठेवली.

ती उभी होती. मग मैदानातच खाली बसली. कडक इस्त्रीची साडी, आणि ती फुफाट्यात बसली.

दुपारी तिनं नववीच्या वर्गात सत्तावीस माफीनामे परत वाटले. "तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

मुली आपापला कागद हातात धरून बसल्या. मागच्या रांगेतली एक उठली.

"मॅडम, म्हणजे आम्ही चोरी केली नव्हती?"

"नाही."

"मग आम्ही केली असं का लिहिलं?"

शलाकानं दाराशी उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. सरांनी मान फिरवली नाही, पण मदतही केली नाही. प्रश्न तिचा तिलाच होता.

"मी लिहायला लावलं म्हणून," ती म्हणाली.

मुलगी खाली बसली. पण समाधान झाल्यासारखी नाही.

ऊन उतरायच्या आत शलाका आपल्या स्कूटरवरून सगुणाच्या गावाला निघाली. सर मागे बसले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा.

घरापुढच्या शेणानं सारवलेल्या अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. सगुणाचे वडील मनकू कोटनाके ती हातानं पसरत होते. मॅडम दिसताच ते गडबडीनं उठले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी हात जोडले.

"मॅडम… पोरीनं पुन्हा काही केलं का?"

शलाका स्कूटर लावून पुढे आली.

"नाही, दादा. तिनं काही केलं नाही. तेव्हाही नव्हतं केलं. माझीच चूक झाली."

मनकूंच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. हात तसेच जोडलेले.

"नाही जी. तुमची कशी चूक होईल? तुम्ही शिकलेल्या."

"माझीच झाली. तुम्हाला एवढ्या लांब बोलावलं, तुम्ही पाय धरलेत…"

"त्याचं काय एवढं. आम्हाला सवय आहे."

आतून सगुणा आली. तिच्या हातात रिकामी टोपली होती. ती दारातच थांबली.

"सगुणा, पाया पड मॅडमच्या," मनकू म्हणाले.

सगुणा वाकली नाही.

"मॅडम, तुम्ही सुई पाहिली?"

"पाहिली. तुझ्याच बाकावर ठेवून पाहिली. तू काढलीस तशीच थांबली."

"आम्ही सांगत होतो तेव्हा का नाही पाहिली?"

"ए, गप!" मनकूंनी तिच्यावर हात उगारला. "मॅडमला असं बोलतेस?"

शलाका दोघांच्या मध्ये गेली. "बोलू द्या तिला."

पण सगुणाचं बोलून झालं होतं. ती मॅडमकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. जे उत्तर होतं ते तोंडातून काढायची शलाकाला लाज वाटली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "उद्या वर्गात ये. माफीनामा नको."

"उद्या नाही," सगुणा म्हणाली. "मोह वेचून झाला की येईन."

आणि ती टोपली घेऊन झाडांकडे निघून गेली. मागे वळून बघितलं नाही.

मनकू ओशाळले. "लेकरू आहे, मॅडम. मनावर घेऊ नका. आमच्या मनात काही नाही. तुम्ही आमच्या दारात आल्या, भरून पावलो जी." त्यांनी पिण्याचं पाणी आणलं. निघताना गावाच्या कडेपर्यंत पोचवायला आले, आणि स्कूटर वळेपर्यंत हात जोडून उभे राहिले.

मुरमाचा रस्ता संपला तशी शलाकानं गाडी थांबवली. रुमालानं डोळे पुसले. सकाळपासून पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला होता.

"मुलीचं मी समजू शकते, सर. ती रागावलीय. येईल हळूहळू." ती थोडी हसली. "पण वडिलांनी माफ केलं मला. एका शब्दानं बोलले नाहीत…"

सरांनी वळून मागच्या मुरमाच्या रस्त्याकडे बघितलं.

मग म्हणाले,

"त्यांना रागावता येतं का?"