निजल्या पाण्याचं स्थानक

घागरपेठ स्थानकात उतरलात की पहिल्यांदा मान वर करा. छताला हे एवढं गोल तोंड ठेवलंय, त्यातून आभाळाचा तुकडा दिसतो. त्याच्या बरोबर खाली, गाड्या थांबतात तिथं, काळ्या दगडाचा जुना आड. सरकता जिना सरळ यायचा सोडून त्याला वळसा घालून येतो. उन्हं चढली की उजेडाचा खांब आडात उतरतो, नि हललेल्या पाण्याचे कवडसे भिंतींवर नाचतात. बाहेरगावची माणसं विचारतात, जमिनीच्या पोटात स्थानक बांधलं, मग मध्येच ही विहीर कशाला ठेवली? जागा अडते, पाऊस आत येतो. त्याची गोष्ट अशी सांगतात.

मेट्रो यायच्या आधी, नळही यायच्या आधी, सगळी पेठ या आडाचं पाणी प्यायची. पाणी रात्री निजतं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निजल्या पाण्यात भांडं बुडवायचं नाही. उजाडलं की आधी काठावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, "ऊठ गं बाई" म्हणायचं, पाण्यावर शहारा आला की मग घागर सोडायची. पाणी उठवायचा हा मान ठकूबाईच्या घरात होता. तिची सासू उठवायची, मग ती उठवू लागली. पुढे घरोघर नळ आले. कुणी पडू नये म्हणून आडावर फरशी टाकली, फरशीवर भाजीवाले बसू लागले. ठकूबाईचा मान कोथिंबिरीच्या जुड्यांखाली गेला. तिलाही त्याचं फारसं काही वाटलं नाही. गुडघे दुखायचे, नळ बरा होता.

मग मेट्रोचं खोदकाम आलं. ठकूबाईचा एकुलता एक सुदाम तिथं कामाला लागला. आडाशेजारी खोल खड्डा गेला, आणि तळाशी पोचल्यावर नवलच झालं म्हणे. खाली जाईल त्याला डुलकी लागायची. फावडं हातात घेऊन माणसं उभ्या उभ्या पेंगायची, आणि सगळ्यांना एकच स्वप्न पडायचं. ओल्या पायऱ्या, घागरी घेतलेल्या बायका, कुणीच बोलत नाही, पदर वाऱ्यावर हलताहेत. वर आलं की झोप उडायची. खासनीस साहेब म्हणून मोठे इंजिनिअर होते. ते रागवायला खाली उतरले आणि डोक्यावरच्या टोपीसकट घोरायला लागले.

आडाच्या भिंतीतून पाणी झिरपायचं. एका दुपारी सुदामला तहान लागली. त्यानं ओंजळ लावली नि प्यायला. ठकूबाईच्या घरातला मुलगा, पण टकटक नाही, हाक नाही, निजलेलं पाणी तसंच पोटात घेतलं. बाकीचे वर येऊन जागे झाले, सुदाम झाला नाही.

डॉक्टरांनी तपासलं. नाडी ठीक, श्वास ठीक. "निवांत झोपलाय," म्हणाले. ठकूबाईनं हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, कपाळावर गार पाणी मारलं. सुदाम झोपेत हसला. त्याच्या तोंडाजवळ कान नेला, तर आतून आडासारखा गार वारा आला. तेव्हा तिला उमगलं, पोर निजलेलं पाणी प्यायलंय.

ती पदर खोचून खड्ड्यावर गेली.

"मावशी, इथं बायामाणसांनी यायचं नाही," राखणदार म्हणाला.

"मग तू उठव माझ्या पोराला. मी इथंच बसते."

खासनीस साहेब तिला घेऊन खाली उतरले. त्यांना त्या स्वप्नातल्या बायकांचा धसका बसला होता. खाली झोपेचं धुकं होतं. साहेब तिसऱ्यांदा जांभई देऊन भिंतीला टेकले. ठकूबाईनं मात्र ओठ दाताखाली धरला, आडाचे दगड चाचपले आणि टकटक केली. "ऊठ गं बाई."

दगडाआडून झोपाळू आवाज आला म्हणे, "कोण, ठकू? उठले असते गं. पण उजाडलंच नाही अजून."

फरशी टाकल्यापासून पाण्याला उजेडच दिसला नव्हता. बिचारी एकच रात्र निजून काढत होती.

पेंगणाऱ्या साहेबांना धरून वर आणल्यावर ती म्हणाली, "वरची फरशी काढा. आणि पुन्हा झाकायचं नाही."

"मावशी, तिथं छत येणार आहे. आड बुजवायचा आहे. नकाशा पक्का झालाय."

"नकाशा कागदाचा आहे, साहेब. पोर हाडामांसाचं आहे."

साहेबांनी भाजीवाल्यांना उठवलं आणि फरशीला पहार लावली. वरच्यांचा राग ओढवून घेतला, त्यांची बढती गेली, असं कुणी म्हणतात. कुणी म्हणतात, वरच्यांनाही तेच स्वप्न पडलं होतं. ते काहीही असो, फरशी सरकली, ऊन सरसर आत उतरलं, ठकूबाईनं वाकून काठावर टकटक केली. पाण्यावर शहारा आला.

"उठले," पाणी म्हणालं. "पण उठवून टाकून देऊ नकोस पुन्हा. रोज येशील? ज्या दिवशी मला कुणी उठवणार नाही, त्या दिवशी तुझा सुदामही उठणार नाही. तो माझंच पाणी प्यायलाय."

"येईन," ठकूबाई म्हणाली.

घरी सुदामनं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, चहा झाला का?"

साहेबांनी नकाशा नव्यानं काढला. आड मध्ये धरला, जिना वळवला, छताला तोंड ठेवलं. ठकूबाई रोज सुदाम उठायच्या आधी तिकीट काढून खाली यायची, टकटक करायची, परत जायची. पाण्याला दिलेला शब्द तिनं सुदामला कधी सांगितला नाही. पोरानं दर रात्री भीत भीत पाठ टेकावी, हे तिला नको होतं.

पण वय कुणाला सुटलंय? पाय थकू लागले तशी ती आडापाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "बाळा, जाता जाता एवढी टकटक कर की. कुणाचं तरी पोर झोपलं असंल."

"आजी, उठायला मोबाईलमध्ये गजर असतो," पोरं हसायची.

"तो तुला उठवतो रे. पाण्याला कोण उठवील?"

कुणी मान राखून करायचं, कुणी घाईत निघून जायचं. भरवसा कुणाचाच नव्हता.

एका पहाटे तिला उठताच येईना. अंगात ताप, पाय लाकडासारखे. शेजारच्या अंथरुणावर सुदाम झोपलेला. त्याला हाक मारून उपयोग नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? ती सरपटत उंबऱ्यापर्यंत गेली नि तिथंच थकून पडली. उजाडलं. ऊन भिंतीवर चढलं. पहिली गाडी गेल्याचा हादरा जमिनीला आला, मग दुसरीचा. ती सुदामच्या पापण्यांकडे बघत राहिली. त्याच्या तोंडातला तोच गार वारा उंबऱ्यापर्यंत येत होता.

आणि सुदामनं कूस बदलली. डोळे चोळले. "आई, अशी उंबऱ्यात काय पडलीस?"

कुणीतरी टकटक केली होती. कुणी, ते तिला कळलं नाही, आणि पुढेही कुणाला कळलं नाही. तिनं सुदामच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि किती वर्षांनी, उजाडलेलं असताना, निवांत डोळे मिटले.

आजही घागरपेठला उतरणारा माणूस, ऑफिसचा असो की शाळेचा, काठावर पेरानं वाजवल्याशिवाय पुढे जात नाही. सगळ्यांनी हात लावून तिथला दगड गुळगुळीत झालाय. सुदामचं नाव निम्म्यांना माहीत नाही. कुणी विसरून पुढे निघालाच, तर मागून हमखास आवाज येतो, "ओ दादा, कुणाचं तरी पोर झोपलं असंल, वाजवा की!"