केरोबाचं निळं झाड

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा कोणता ते विचारू नका, कारण तो या गोष्टीत येतच नाही. येतो तो त्याच्या देवघरातल्या समया घासणारा केरोबा. चिंच आणि राख हाती आली, की काळवंडलेलं पितळ तो सोन्यासारखं चमकवी.

त्याची बायको गोजरा डोंगरातली. माहेराहून तिने एक कोंब आणला आणि झोपडीमागे फणसाच्या सावलीत लावला. त्याला खोड नव्हतं, दर चैत्रात जमिनीतूनच पानं फुटत; पाच वर्षांनी ती सुपाएवढी झाली, निळसर हिरवी. “हा माझ्या डोंगराचा रंग,” गोजरा म्हणे.

एका हिवाळ्यात गोजरा वारली. तिचं म्हणावं असं ते एक झाडच मागे उरलं. चैत्रात त्याला नवी पानं आली, तेव्हा केरोबाने ठरवलं, याला जिवापाड जपायचं. आता जपणं म्हणजे काय, ते त्याला एकच ठाऊक! रोज सकाळी मऊ फडकं घेऊन तो एकेक पान पुसू लागला. पानं लखलखली, केरोबा खूश झाला.

पण आठ दिवसांत निळा रंग पार गेला. केरोबा धावतच सुटला. तो राजबागेतल्या म्हाताऱ्या माळणीला घेऊन आला.

“मावशी, गोजराचं झाड चाललं गं! तिच्या डोंगराचा रंगच गेला!”

माळणीने पान बघितलं, मग त्याच्या हातातलं फडकं बघितलं.

“अरे वेड्या, द्राक्षावर पांढुरकी भुकटी असते ना, तसली या पानांवर होती. तिच्यामुळेच पान निळं दिसतं. तू धूळ समजून गोजराचा डोंगरच पुसलास की रे!”

केरोबाने फडकं खाली टाकलं. त्याला रडू फुटलं. “आता गं?”

“झाड जिवंत आहे. मुळाशी पाणी घाल, सावली राख, आणि हात आवर. या पानांचा रंग परतायचा नाही. पुढच्या चैत्राची वाट बघ.”

वाट बघणं शंभर समया घासण्याहून अवघड गेलं. हात नुसते शिवशिवत. मग तो फडकं घरात ठेवून झाडापाशी बसे आणि दिवसभरातलं सगळं त्याला सांगे. गोजरा होती तेव्हा इतकं बोलायला त्याला सवडच झाली नव्हती.

हिवाळ्यात पानं झडली. चैत्रात जमिनीतून कोंब वर आले, हळूहळू उलगडले. पानं सुपाएवढी, आणि निळी! केरोबाचा हात पुढे गेला, आणि अलगद मागे आला.

“आलीस?” एवढंच तो म्हणाला.

तर मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, माया आपल्या सवयीने करू नये. ज्याच्यावर करायची, त्याला मानवेल तशी करावी.