टिटवीचं चौथं अंडं

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. घरट्यांसाठी काठावरच्या जागा वाटायचं काम राजाने मुंगूसरावांकडे सोपवलं होतं. टिटवी जागा मागायला गेली, तेव्हा ते म्हणाले, “चार अंड्यांतलं एक मला आणून दे, मग जागा घे.”

टिटवी थेट न्यायाधीश गव्याकडे गेली. गव्याने काटेरी साळूला साक्षीदार म्हणून झुडपात बसवलं. टिटवीने अंड्यासारखा दिसणारा गोटा मुंगूसरावांपुढे ठेवला. त्यांनी तो उचलताच साळू बाहेर आली.

“मी अंडं घेतलंच नाही, हा तर दगड आहे!” मुंगूसराव न्यायसभेत ओरडले.

“मग हिच्याकडे तुम्ही दगड मागितला होता का?” गव्याने विचारलं.

मुंगूसरावांची मान खाली गेली. त्याच दिवशी त्यांचं पद गेलं, आणि टिटवीने काठावरच्या वाळूत निर्धास्तपणे चारही अंडी घातली.